मेव्हिसबाईंना सभागृह दाखवण्याचा प्रकार

इंग्लंडातल्या वेदरफोल्ड गावात जन्मलेला माणूस तिथलं व्यापाऱ्यांचं सभागृह पाहत नाही. ते पाहायला अमेरिकन येतात, जपानी येतात, सहलीच्या बसमध्ये ओकून पांढरीफटक पडलेली शाळेची पोरं येतात. गावकरी त्याच्या भिंतीला सायकल टेकवतो, वाऱ्याकडे पाठ करून पाइप पेटवतो आणि बस पकडतो. कितीतरी शतकांपूर्वी लोकरीच्या व्यापाऱ्यांनी काळ्या लाकडाची ही दुमजली इमारत उभारली. वरच्या दालनात बसून ते लोकरीचे भाव पाडायचे किंवा चढवायचे, आणि खालच्या तळघरात गावातल्या निराधार म्हाताऱ्यांसाठी खाटा टाकून ठेवायचे. वर नफा, खाली पुण्य. देवाला हिशेब तपासायला दुसरीकडे जायला नको.

म्हणून मेव्हिस मूरहाउसबाई जेव्हा एका सकाळी उकडलेल्या अंड्याचं टोपण फोडता फोडता म्हणाल्या, "लेनर्ड, मला एकदा सभागृह आतून पाहायचंय," तेव्हा त्यांच्या यजमानांच्या हातातला चमचा थांबला.

"कुठलं सभागृह?"

"गावात किती आहेत? सगळा जन्म त्याच्यासमोर बसची वाट बघण्यात गेला. आत काय आहे ते तरी कळू दे."

एरवी लेनर्डरावांनी विचारलं असतं की आत्ताच काय घाई आहे. पण घाई काय आहे हे त्यांना माहीत होतं. वसंतातच रुग्णालयातल्या डॉक्टरनी खुर्ची जवळ ओढून, फार हळू आवाजात सांगितलं होतं, "नाताळचं आत्तापासून काही ठरवू नका." परतताना बसमध्ये मेव्हिसबाई म्हणाल्या होत्या, "चला, तुझ्या बहिणीकडचं टर्कीचं जेवण तरी टळलं." त्यानंतर तो विषय मूरहाउसांच्या घरात निघाला नाही. पागोळीचं पन्हळ गळतं, शेजारचं मांजर गुलाबाच्या वाफ्यात घाण करतं, दूधवाला उशिरा येतो, अशा विषयांवर मात्र त्या घरात पूर्वी कधी झाली नव्हती एवढी चर्चा सुरू झाली. मेव्हिसबाई मात्र दर पंधरवड्याला थोड्या थोड्या कमी होत होत्या. आधी बागकाम बंद झालं, मग जिना. सभागृह पाहायचं तर बसता येतंय तोवर पाहायला हवं होतं.

कुंपणापलीकडच्या क्रॅबट्रीबाईंना हे त्याच दिवशी कळलं. क्रॅबट्रीबाई बातम्यांच्या मागे जात नसत. बातम्याच त्यांच्याकडे राहायला येत.

"सभागृह? त्यात काय मेलं पाहण्यासारखं आहे?" त्यांनी कपडे वाळत घालता घालता विचारलं.

"तुम्ही पाहिलंय?"

"मी कशाला पाहू? मी इथलीच आहे. आणि त्यांना नेणार कशा? चाकाची खुर्ची लागेल. रुग्णालयाची मागू नका बरं. आधी अर्ज, मग एक बाई येऊन तुमच्या दारांची रुंदी मोजणार, मग दुसरी येऊन पहिलीनं बरोबर मोजली का ते मोजणार, आणि खुर्ची येईपर्यंत—" क्रॅबट्रीबाई थांबल्या. वाक्य कुठे चाललं होतं ते दोघांनाही दिसलं. "—येईपर्यंत थंडी पडेल," त्यांनी ते वळवून घेतलं. "माझ्या नवऱ्याची, फ्रँकची, घेऊन जा. छपरीत पडून आहे. खुर्ची ठणठणीत आहे, ब्रेक तेवढा लागत नाही. फ्रँकला ब्रेकची कधी गरजच पडली नाही. तो कुठे जायचाच नाही."

शिवाय क्रॅबट्रीबाईंनी सांगितलं की महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गावकऱ्यांना सभागृहात फुकट सोडतात, फक्त पत्त्याचा पुरावा न्यावा लागतो. लेनर्डराव काही कंजूष नव्हते. पण तीस वर्षं त्यांनी नगरपालिकेत वजनमापं तपासण्याची नोकरी केली होती. आपल्या कराच्या पैशांनी ज्याचं छप्पर शाकारलं जातं तिथे तिकीट काढणं म्हणजे एकाच मालाची दोनदा किंमत देणं, असा त्यांचा सिद्धांत होता. माणसाला सिद्धांत असला की त्याच्या वाट्याला फुकटचा मंगळवारच येतो.

त्यांनी सभागृहाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाच्या बाई होत्या.

"लिफ्ट आहे ना, राजा! पण किल्ली मिस्टर हॅगकडे असते, त्यांना आधी कळवावं लागतं. फॉर्मवर लिहून घेते हं. अपंगत्व कायमचं की तात्पुरतं?"

लेनर्डरावांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

"दोनच चौकोन आहेत, राजा. एकावर खूण करायची."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचं खोटं माप चालवून घेतलं नाही, त्यानं खिडकीबाहेर बघितलं. मेव्हिसबाई बागेतल्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन, शेजारच्या मांजराला शिव्या देत होत्या.

"तात्पुरतं," ते म्हणाले.

"अरे वा! लवकर बऱ्या होवोत!"

मंगळवार उजाडला. जून महिना होता, म्हणजे पाऊस होता. लेनर्डरावांनी चांगला काळा ओव्हरकोट काढला. तो एरवी कुणाला पोचवायला जायचं असलं तरच कपाटाबाहेर यायचा. मेव्हिसबाईंनी गर्द निळा पोशाख आणि टोपी घातली. पोशाख पाठीमागे पिनांनी आवळावा लागला. त्या पिना लावताना लेनर्डराव हवामानाबद्दल बोलत होते. नगरपालिकेच्या कराचं बिल त्यांनी लिफाफ्यात घालून हातात घेतलं, आणि बस चुकेल म्हणून टॅक्सी केली. प्रवेश फुकट मिळावा म्हणून टॅक्सीचं भाडं भरणं हे हिशेबात कसं बसतं, असं मेव्हिसबाईंनी विचारलं. लेनर्डरावांनी टॅक्सीचं मीटर बरोबर चालतंय का ते बघितलं.

सभागृहाच्या अंगणात रांग होती. आता वेदरफोल्डच्या माणसाचा एक स्वभाव सांगायला हवा. त्याला रांग दिसली की ती कशाची आहे हे तो विचारत नाही. शेवट कुठे आहे एवढंच विचारतो. आणि एकदा उभा राहिला की त्या रांगेतून मधेच बाहेर पडणं त्याला भर चौकात विजार सोडण्यासारखं वाटतं. लेनर्डराव खुर्चीसकट रांगेच्या टोकाला उभे राहिले. पुढची माणसं काळ्या कोटात होती, हळू बोलत होती, अधूनमधून नाक पुसत होती.

"फुकट म्हटल्यावर बघ कशी येतात," लेनर्डराव कुजबुजले.

दाराशी गळ्यात ओळखपट्टी घातलेल्या बाई होत्या. लेनर्डरावांनी लिफ्टची चौकशी केली.

"कळवलं होतंत का, राजा?"

"कळवलं होतं."

"मग सूचना पोचलीय. मिस्टर हॅग तेवढे पोचले नाहीत."

एवढ्यात रांगेतले चार धिप्पाड गृहस्थ पुढे झाले. एकानं टोपी किंचित उचलली. "बाई, हात आत घ्या." आणि चौघांनी मिळून खुर्ची उचलली. सकाळपासून त्यांचा हात बसलेला असावा, कारण एकाच वेळी उचलली, एकाच उंचीवर धरली आणि मान खाली घालून, एकेका पायरीवर किंचित थांबत, संथ पावलांनी ते जिना चढू लागले. मागची माणसं आपोआप टोप्या काढून उभी राहिली.

"जरा भरभर चला की," मेव्हिसबाई वरून म्हणाल्या. "मी आहे अजून."

वर दालनाच्या दारात चाळिशीचा एक गृहस्थ उभा होता. डोळे लाल, केस लंडनमध्ये कापलेले. त्यानं लेनर्डरावांचा हात दोन्ही हातांत धरला. "मी ज्युलियन. तुम्ही आलात, फार बरं वाटलं. बाबांना बरं वाटलं असतं."

लेनर्डरावांनी तिकीट तपासनीस पाहिले होते, पण इतके भावुक पाहिले नव्हते. त्यांनी लिफाफा पुढे केला. ज्युलियननं तो छातीशी धरला, "तुम्ही लिहिलंतही!" म्हणाला, आणि शेजारच्या वेताच्या टोपलीत, काळ्या कडांच्या कार्डांच्या ढिगावर, नगरपालिकेच्या कराचं बिल अलगद ठेवलं.

तेव्हा कुठे लेनर्डरावांना दालनाच्या टोकाला मेणबत्त्यांमध्ये ठेवलेला फोटो दिसला.

"मेव्हिस," ते खाली वाकून कुजबुजले, "ही तिकिटाची रांग नव्हती. कुणीतरी गेलंय. हे पुरून आलेत, आता चहापान आहे."

"ते मला पहिल्याच पायरीवर कळलं. खुर्ची कोण असं उचलतं?"

"आपण निघू या."

"कशी? उडून? आणि काय सांगणार त्याला, चुकून आलो? त्यानं हात धरलाय तुझा." त्यांनी टोपी सारखी केली. "आलेय, तर बघू दे."

आणि त्या बघू लागल्या. काळ्या तुळया एकमेकींना टेकून वर अंधारात गेल्या होत्या. भिंतीवर ओळीनं व्यापाऱ्यांची तैलचित्रं होती. सगळ्यांचे चेहरे समोरच्यानं आत्ताच भाव पाडून मागितल्यासारखे. खिडक्या वाकड्या, दारं वाकडी, आणि जमीन तर शतकांच्या भारानं फोटोच्या दिशेला चांगलीच उतरलेली. मेव्हिसबाई मान मागे टाकून एकेक तुळई बघत होत्या. मान दुखते म्हणून त्या घरी छताकडेसुद्धा बघत नसत. लेनर्डराव त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांना वाटलं, हे बघणं पाहुण्याचं नाही. घर सोडताना माणूस खोल्यांतून फिरतो तसं आहे.

"मला वाटलं होतं, चकचकीत असेल," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "हे आपल्या कोळशाच्या कोठीसारखं आहे." मग आणखी एक तुळई बघून, "बरं आहे."

वेदरफोल्डात 'बरं आहे'च्या वर शब्द नाही.

इथेच निघता आलं असतं. पण बिल टोपलीत होतं, आणि त्यावर नाव, पत्ता, सगळं होतं. इतक्यात कुणीतरी ग्लासावर चमचा वाजवला. दिवंगतासाठी मौन पाळायचं होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. लेनर्डरावांना वाटलं, हीच वेळ. त्यांनी खुर्ची सोडली, टोपलीपर्यंत दबकत गेले आणि आत हात घातला.

फ्रँकच्या खुर्चीनं तेवढ्याची वाट पाहिली होती. ती आधी विचार केल्यासारखी जराशी हलली, आणि मग उतारानं निघाली.

त्या प्रवासाचं वर्णन करायला वेदरफोल्डचाच माणूस हवा. दालनभर माणसं, मिटलेले डोळे, आणि चाकांचा कुईकुई आवाज. प्रत्येकानं आवाज जवळ आल्यावर एक डोळा किलकिला केला, पाय बाजूला घेतला आणि डोळा पुन्हा मिटला. कुणी हाक मारली नाही की धरलं नाही; मौन म्हणजे मौन. मेव्हिसबाई ताठ बसून, दोन्ही बाजूंना हलकेच मान लववत, बग्गीतल्या राणीसारख्या गर्दीतून गेल्या आणि थेट फोटोच्या टेबलाला पाय लागून थांबल्या.

सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा एक अनोळखी आजारी बाई दिवंगताच्या तसबिरीशी, जणू न राहवून, जाऊन पोचल्या होत्या. आणि त्यांचे यजमान, तीस वर्षं गावाची तागडी तपासलेले लेनर्ड मूरहाउस, सांत्वनाच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. जवळच्या चार-पाच जणांनी ते पाहिलं आणि सभ्यपणे छताकडे बघितलं.

पण खरा धक्का पुढेच होता. खुर्ची गाठायला लेनर्डराव धावले आणि त्यांना फोटोतला चेहरा जवळून दिसला. सिरिल ऑग्डन! ऑग्डन गालिचेवाला! लग्न झालं त्या वर्षी त्यानं मूरहाउसांच्या जिन्याला गालिचा घातला होता आणि तो एक पायरी कमी पडला होता. वजनमापं खात्यातल्या माणसाच्या घरात, मापात खोट! खालची पायरी तेव्हापासून उघडी होती. त्या माणसाच्या दारात पाऊल ठेवणार नाही अशी लेनर्डरावांनी शपथ घेतली होती, आणि आज ते त्याच्या मयताला चांगला कोट घालून आले होते.

ज्युलियन गहिवरून पुढे आला. "तुम्ही बाबांना जवळून ओळखत होतात?"

"जिन्यापुरती ओळख होती," मेव्हिसबाई म्हणाल्या.

"दोन शब्द बोलाल? प्लीज. अजून कुणीच..." त्यानं दालनाकडे पाहिलं. सगळे आपापले बूट बघू लागले. ऑग्डनबद्दल चांगलं बोलायचं तर वेदरफोल्डात माणूस बाहेरगावाहून आणावा लागला असता.

लेनर्डरावांनी डोळ्यांनी 'नको, नको' केलं. मेव्हिसबाईंनी घसा साफ केला.

"सिरिल ऑग्डननी आमच्या जिन्याला गालिचा घातला. स्वतः गुडघ्यांवर बसून माप घेतलं, मला मॅडम म्हणाले, आणि एक पायरी कमी घातला. हे माझे यजमान. हे वजनमापं खात्यात होते. यांनी तीन पत्रं लिहिली. ऑग्डननी एकाचं उत्तर पाठवलं. 'गालिचा बरोबर आहे. जिना जास्त आहे.'"

मागून कुणाच्या तरी नाकातून आवाज निघाला. मग दुसऱ्याच्या. मग अख्खं दालन हसलं. भिंतीवरचे व्यापारी तेवढे हसले नाहीत, त्यांना त्यात काही वावगं दिसलं नसावं. लेनर्डरावांचे कान लाल झाले. तीस वर्षं खात्यापासूनसुद्धा लपवलेली पायरी सगळ्या गावासमोर उघडी पडली होती.

"पण एक सांगते," मेव्हिसबाईंनी हात वर केला. "त्या गालिच्याचा अजून एक धागा निघालेला नाही. रोज सकाळी मी त्यावरून खाली आले. आता मला उचलून आणावं लागतं. मी झिजले, तो नाही झिजला. माल चांगला होता त्यांचा. मापाचं देव बघून घेईल."

मग खुर्ची उचलणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "आमच्या आईच्या खोलीत कोपरा कमी पडला होता. म्हणाले, तिथे कपाट ठेवा."

"आम्हाला म्हणाले, खोली मोठी आहे हा तुमचा गुन्हा," एक आजी ओरडल्या. आणि मग बांध फुटला. जो तो आपला कमी पडलेला कोपरा घेऊन पुढे आला. ज्युलियन हसत होता आणि रडत होता. "आमच्या घरात तर उघड्या फळ्याच होत्या. बाबा म्हणायचे, विकायचा माल आपण तुडवायचा नसतो." अखेर सिरिल ऑग्डनसाठी वेदरफोल्डात डोळ्यांत पाणी आलं. ते कुठल्या कारणानं आलं याची फोड कुणी मागितली नाही.

चहा आला. चहाबरोबर थाळ्या आल्या, आणि दालनातला आवाज पुन्हा खाली गेला. माणसं सँडविचचे वरचे पाव उचलून आत पाहू लागली. आत काकडी होती. दुसऱ्यात काबुली चण्यांचा लगदा. तिसऱ्यात भाजलेलं वांगं. ज्युलियन शाकाहारी होता.

वेदरफोल्डात माणूस कसा जगला याला फारसं महत्त्व नाही. त्याच्या मयताच्या चहाला हॅम होतं का, हे महत्त्वाचं. उकडून थंड केलेलं, गुलाबी, कडेला पांढरी चरबी असलेलं डुकराचं हॅम. 'हॅम देऊन पुरला' म्हटलं की पुढच्या पिढ्यांना गावात मान वर करून हिंडता येतं. सहाशे गालिचे कमी कापूनही ऑग्डनची जेवढी नाचक्की झाली नव्हती तेवढी त्या चण्यांनी केली. मघाच्या आजींनी लेट्यूसचं पान उचललं, खाली काही नाही असं पाहून परत ठेवलं आणि क्रूसाची खूण केली.

ज्युलियननं येऊन लेनर्डरावांच्या हातात लिफाफा ठेवला. "हे तुमचं असावं. मी उघडलं, माफ करा." त्यानं आवाज खाली आणला. "यंदा फारच वाढवलाय हो कर." तो आणखी एक शब्द बोलला नाही. लेनर्डरावांनी मान हलवली आणि त्यांना सिरिल ऑग्डनबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं: हा मुलगा तरी त्यानं पुऱ्या मापाचा घडवला होता.

ते मेव्हिसबाईंजवळ खिडकीशी येऊन बसले. चौघे उचलणारे अजून थाळ्यांत हॅम शोधत होते. त्यांचं होईतो खाली जाता येणार नव्हतं. मेव्हिसबाई दमल्या होत्या. चेहरा मेणासारखा झाला होता, पण डोळे वर तुळयांवरच होते. हातात चण्यांचं सँडविच, एक घास खाल्लेलं.

"लेनर्ड."

"हं?"

"माझ्या वेळी हॅम."

लेनर्डरावांनी बाहेर बघितलं. पाऊस होता, पावसाबद्दल बोलता आलं असतं. पन्हळ होतं, मांजर होतं. 'असलं काय बोलतेस' हे वाक्य तर जिभेवरच होतं, वसंतापासून तयार ठेवलेलं. त्यांनी ते गिळलं. गिळायला वेळ लागला.

"हाडासकट?" त्यांनी विचारलं.

मेव्हिसबाईंनी तुळयांवरून नजर काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"हाडासकट. आणि जाड काप. कागदासारखे नकोत, माणसांना वाटेल मी हात आखडला."

"मोहरीची चटणी?"

"आपली. ती दाणेवाली फ्रेंच नको."

"कुठे करायचं? इथे?"

"इथे नको. जिना आहे. आणि हे लोक," त्यांनी तैलचित्रांकडे हनुवटी केली, "खाताना बघत बसतात. घरीच. पुढच्या खोलीत."

"पुढच्या खोलीत चाळीस माणसं मावायची नाहीत."

"चाळीस कुठली येतायत?"

"येतील," लेनर्डराव म्हणाले. त्यांनी हातातला लिफाफा मांडीवर सरळ केला. "येतील. मी मोजेन."

"बरं. आणि क्रॅबट्रीबाईंना ट्रायफलचं पुडिंग करू देऊ नकोस. त्या शेरी घालत नाहीत."

"त्या ऐकायच्या नाहीत."

"मग सांग, मी सांगून गेलेय."

थाळ्यांकडून चौघे येत होते, तोंडं पुसत. लेनर्डरावांनी बिलाचा लिफाफा उलटा केला, खिशातून पेन्सिल काढली आणि मग दोन्ही खाली ठेवून बायकोचा हात हातात घेतला.

"आणखी काय?" ते म्हणाले. "सांग तू. त्यांना थांबायला सांगतो."